भिंतीवरची रेघ

पूर ओसरून चार-सहा दिवस लोटले, चिखल उपसून झाला आणि ओल्या भिंती वाऱ्याला वाळू लागल्या, म्हणजे घराघराच्या आणि दुकानादुकानाच्या भिंतीवर एक तांबूस, करडी, आडवी रेघ उमटलेली दिसते. गवंड्याने पाणसळ लावून आखावी इतकी ती सरळ असते. आणि त्यात नवल नाही, कारण पाणसळीतले पाणी आणि पुराचे पाणी ही दोन्ही एकाच नियमाची ताबेदार आहेत. पाणी जेथवर चढले व जेथे काही काळ स्थिर उभे राहिले, त्या पातळीची ही नोंद कोणत्याही सरकारी दप्तरातील नोंदीपेक्षा अचूक असते. पुढे दसरा-दिवाळीच्या सुमारास रंगारी येतो, भिंतीवरून कुंचला फिरतो, आणि ती रेघ चुन्याखाली नाहीशी होते. घरधन्याला हायसे वाटते, कारण दुःखाची खूण कोणालाच डोळ्यांसमोर नको असते. परंतु त्या पांढऱ्या थराखाली गावाची एक अत्यंत मोलाची नोंद गाडली जाते, आणि पुढचा पूर येतो तेव्हा तो पुन्हा ‘अभूतपूर्व’ ठरतो.

लहान गावे पुरातून कशी सावरतात आणि सावरल्यावर पुढच्या पुरासाठी किती सिद्ध होतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. कोकणातले चिपळूण आणि त्याच्या उत्तरेचे महाड या दोन गावांनी सोळा वर्षांच्या अंतराने, 2005 च्या आणि 2021 च्या जुलैमध्ये, असे दोन महापूर सोसले आहेत की त्यांच्या अनुभवातून पुरातून सावरण्याच्या शास्त्राचे बहुतेक सारे धडे वाचता यावेत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की पुराच्या तोंडी वसलेली गावे मूर्खपणाने तेथे वसलेली नसतात. चिपळूण हे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, वाशिष्ठी नदीच्या काठी, आणि ज्या ठिकाणापर्यंत समुद्राची भरती चढत येते त्या ठिकाणाच्या लगत वसले आहे. दाभोळच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते गोवळकोटच्या बंदरापर्यंत येत, तेथे माल उतरे, आणि तो बैलांच्या पाठीवरून घाट चढून कऱ्हाडाकडे, देशावर जाई. महाडाची कथाही तीच. सावित्रीच्या खाडीने आलेला माल वरंधा घाटाने वर चढे. जेथे खाडीची वाट संपते आणि घाटाची वाट सुरू होते तेथे बाजारपेठ उभी राहावी, हा व्यापाराचा साधा न्याय आहे. परंतु जी जागा बंदर आणि घाट यांना जोडते तीच जागा घाटावरचा पाऊस आणि समुद्राची भरती यांनाही एकत्र आणते. ज्या गुणामुळे गाव भरभराटले त्याच गुणामुळे ते बुडते. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटविला आणि कोकणची भूमी मिळविली, अशी कथा आहे, आणि त्याचे देऊळ चिपळुणाजवळच्या डोंगरावर उभे आहे. मात्र समुद्राने आपला हक्क पुरता सोडलेला नाही, तो दिवसातून दोनदा खाडीवाटे त्या डोंगराच्या पायथ्याकडे येऊन जातो.

चिपळुणातला पूर हा एका पाण्याचा नसतो. पहिले पाणी सह्याद्रीचे. तेथील कड्यांवर कोसळलेला पाऊस पऱ्ह्यांनी आणि ओढ्यांनी खाली धावतो, आणि नदी लांबीने इतकी आखूड आहे की माथ्यावरचा पाऊस काही तासांतच बाजाराच्या दाराशी पोचतो. दुसरे पाणी गावातूनच वाहणाऱ्या शिव नदीचे. वाशिष्ठी तुडुंब असली म्हणजे शिव नदीला तिच्यात शिरता येत नाही आणि ती गावातच तुंबून पसरते. तिसरे पाणी परमुलखातले. कोयनेचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे, कृष्णेकडे जाणारे. ते बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या व पुढे कोळकेवाडीच्या वीजगृहांत वीजनिर्मितीसाठी वापरले जाते, आणि नंतर वाशिष्ठीतच सोडले जाते. पुराच्या रात्री हे पाणी किती होते, कोणत्या घटकेला सुटले, आणि त्याने पुराची उंची किती वाढविली, यावर गावकरी आणि अभियंते यांच्यात दीर्घकाळ वाद चालत आला आहे. चौथे पाणी समुद्राचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, आणि त्या वेळी खाडीचे तोंड जणू आतून कडी लावल्याप्रमाणे बंद होते. 22 जुलै 2021 या दिवशी आषाढी पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर आली होती. या चार पाण्यांच्या जोडीला नदीच्या पात्रात साचलेला गाळ आणि त्यावर उगवलेली बेटे. म्हणजे पाणी वाढलेले आणि भांडे लहान झालेले.

त्या दिवशी पहाटेपासून चिपळुणाच्या बाजारपेठेत पाणी चढू लागले आणि काही भागांत ते दहा-बारा फुटांपर्यंत गेले. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, बहादूरशेख नाक्याजवळच्या पुलाचा भाग वाहून गेला, आणि एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीजपुरवठा तुटल्यावर तेथील आठ रुग्ण दगावले. तिकडे सावित्रीच्या उगमाशी, महाबळेश्वरी, चोवीस तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. महाड शहर पाण्याखाली गेले, आणि त्याच तालुक्यातील तळिये या गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. 26 जुलै 2005 च्या पावसातही याच तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहण या गावांवर दरडी कोसळल्या होत्या. त्या दिवसाचे स्मरण महाराष्ट्राने मुख्यतः मुंबईच्या नावाने ठेवले, आणि कोकणातल्या लहान गावांची कैफियत त्या मोठ्या नावाच्या सावलीत राहिली.

येथे मोठे शहर आणि लहान गाव यांतला मूलभूत भेद लक्षात येतो. मोठ्या शहरात पूर काही पेठांत शिरतो आणि उरलेले शहर त्या पेठांना अन्न, वस्त्र व आसरा देते. 1961 साली पानशेतचे धरण फुटून पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला तेव्हा उंचावरच्या पुण्यानेच त्याला आधार दिला. लहान गावात मात्र बाजार, दवाखाना, औषधांची दुकाने, बँका, नगरपालिकेची कचेरी, एस. टी. स्थानक ही सारी अर्ध्या कोसाच्या आत, आणि बहुधा एकाच सखल पट्ट्यात असतात. पूर येतो तो या सर्वांत एकाच वेळी येतो. ज्यांनी मदत करायची तेच मदतीचे याचक होतात. मदतकार्याची साधने ज्या वखारीत ठेवलेली, ती वखारच पाण्याखाली जाते. शिवाय ज्या बाजारावर आजूबाजूची शेकडो खेडी अवलंबून असतात तो बाजार एका रात्रीत नाहीसा झाला, म्हणजे पुराचे पाणी ज्यांच्या उंबऱ्यालाही लागले नाही त्यांचीही चूल अडते. 2021 च्या पुरानंतर पन्नासाव्या दिवशी गणेशचतुर्थी होती. कोकणातल्या व्यापाऱ्याचे वर्ष ज्या सणावर तोलले जाते, त्याच्या तोंडावर दुकान रिकामे आणि कर्ज मात्र भरलेले, अशी ती अवस्था होती.

सावरण्याच्या कामाला एक क्रम असतो, आणि तो चुकला तर श्रम वाया जातात. पाणी उतरताच पहिली निकड पिण्याच्या पाण्याची. पुराचे पाणी विहिरीत उतरलेले असते, तेव्हा विहीर उपसून, तिच्यात टीसीएलची भुकटी योग्य प्रमाणात टाकून, निदान काही दिवस पाणी उकळूनच प्यावे लागते. त्यानंतर चिखल. ओला गाळ फावड्याने निघतो, वाळलेला गाळ कुदळीनेही दाद देत नाही. म्हणून पहिले तीन-चार दिवस हे सोन्याच्या मोलाचे. परंतु घरातला गाळ रस्त्यावर आणि रस्त्यावरचा गटारात लोटला, तर तो पहिल्याच जोराच्या सरीबरोबर पुन्हा शिव नदीत आणि वाशिष्ठीत जाऊन बसतो, आणि आपणच आपल्या पुढच्या पुराची पायाभरणी करतो. गाळ गावाबाहेर कोठे न्यायचा, ती जागा पावसाळ्यापूर्वीच मुक्रर झालेली असावी. तिसरी गोष्ट रोगराईची. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतो. म्हणून चिखल उपसणाऱ्याने अनवाणी काम करू नये, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितलेल्या प्रतिबंधक गोळ्या आळस न करता घ्याव्यात. ताप आला तर तो ‘भिजल्यामुळे आला’ असे म्हणून अंगावर काढू नये.

यानंतर येतो पंचनामा. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यातला गंभीर अर्थ कोणाच्या ध्यानात येत नाही. पंचांनी समक्ष पाहून केलेली नोंद, आणि तीच पुढच्या साऱ्या भरपाईचा पाया. आपत्तीत सर्वस्व गमावलेला माणूस घर धुऊन काढण्यास उतावीळ असतो, आणि नेमका त्याच उतावळेपणात नुकसानीचा पुरावाही धुऊन टाकतो. माल बाहेर फेकण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, यादी करावी, शेजाऱ्याची साक्ष घ्यावी. विम्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे; कारण विमा मालाचा असला तरी दावा कागदावर उभा राहतो, आणि कागद बहुधा गल्ल्याच्या खालच्या खणात, म्हणजे सर्वांत आधी भिजणाऱ्या जागी ठेवलेले असतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाने पूरग्रस्तांसाठी 11,500 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. आकडा लहान नव्हे. परंतु सानुग्रह साहाय्य हे नावाप्रमाणेच अनुग्रहाचे असते, ते माणसाला उभे राहण्यापुरता हात देते, बुडालेली दुकानदारी परत देत नाही. म्हणून सावरण्याचा विचार खऱ्या अर्थाने पुरानंतर सुरू होत नाही. तो पुराच्या आधी, कोरड्या दिवसांत, सुरू व्हावा लागतो.

कोरड्या दिवसांतले पहिले काम नदीचे. दुसऱ्या महापुरानंतर चिपळूणच्या नागरिकांनी बचाव समिती स्थापन केली, वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण आरंभिले, आणि शासनाच्या यंत्रसामग्रीबरोबर ‘नाम’सारख्या लोकसंस्थेचेही साहाय्य मिळून गाळ उपसण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. लहान गावाच्या निर्धाराचे हे उत्तम उदाहरण आहे. तथापि गाळ काढल्याने काय साधते आणि काय साधत नाही, हेही स्वच्छ समजून घेतले पाहिजे. पात्र खोल झाले म्हणजे मध्यम पूर पात्रातच सामावतो आणि मोठ्या पुराचे पाणी लवकर उतरते. हा लाभ मोठा आहे. परंतु भरतीच्या टापूत नदीचा तळ समुद्राच्या पातळीखाली खणला, तर ती खोली पुराच्या पाण्याने भरण्याआधी समुद्राच्या पाण्यानेच भरते. आणि वरचे डोंगर उघडे-बोडके राहिले, घाटातल्या रस्त्यांचा राडारोडा ओढ्यांत लोटला जात राहिला, तर काढलेला गाळ काही पावसाळ्यांत परत येतो. गाळ काढणे हे दाढी करण्यासारखे आहे. एकदा केली म्हणून कोणी वस्तरा टाकून देत नाही.

दुसरे काम रेषांचे. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचेल ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा जेथवर पोचेल ती लाल. चिपळुणात या रेषा नकाशावर उमटल्या तेव्हा गावाचा मोठा भाग त्यांच्या आत गेला, आणि बांधकामाची परवानगी, कर्ज, जागेची किंमत या साऱ्यांचा प्रश्न उभा राहून लोकांनी कडाडून विरोध केला. तो विरोध समजण्यासारखा आहे, कारण नकाशावरची रेघ ज्याच्या घरावरून जाते त्याची आयुष्याची मिळकत एका दिवसात कवडीमोल होऊ शकते. मात्र रेषेचा अर्थही समजून घेतला पाहिजे. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे तो एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षे गाव निर्धास्त, असे नव्हे. दर पावसाळ्यात त्याची शक्यता शेकडा चार असते, आणि ती दरवर्षी नव्याने असते. हाच हिशेब लांबवला तर असे निघते की तीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून निळ्या रेषेवर घर बांधणाऱ्याला ते कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पूर पाहावा लागण्याची शक्यता शेकडा सुमारे सत्तर आहे. लाल रेषेवरच्या घरालाही ती शेकडा सव्वीस आहे. जो आकडा ऐकायला दूरचा वाटतो तो एका माणसाच्या हयातीत इतका जवळ येतो.

मग गाव उठवायचे काय? ते शक्य नाही, आणि न्याय्यही नाही. रेघ पुसायची काय? तेही आत्मघाताचे होय. मधली वाट उंचीची आहे. ज्या बाजारात पाणी येणार हे ठाऊक आहे तेथे नव्या इमारतीचा तळमजला खांबांवर मोकळा ठेवावा; जुन्या दुकानात भक्कम पोटमाळा असावा आणि आषाढ लागताच मोलाचा माल त्यावर चढवावा; विजेचे मीटर आणि बटणांचे फलक माणसाच्या उंचीवर न ठेवता गेल्या पुराच्या रेघेच्या वर न्यावेत. रुग्णालयाचे जनित्र, प्राणवायूची सोय आणि अतिदक्षता विभाग तळमजल्यावर असणे हा त्या भागात अपराध मानला जावा. दप्तरखान्यांना आणि ग्रंथालयांनाही हाच नियम लागू आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 साली स्थापन झालेले. 2005 च्या पुराने त्याची ग्रंथसंपदा भिजवली, त्यातून सावरून त्या संस्थेने 2013 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविले, आणि 2021 च्या पुराने पुन्हा ग्रंथांवर घाव घातला. गावाची जिद्द केवढी आणि त्या जिद्दीला नदी किती अल्प मुदत देते, हे या एका संस्थेच्या चरित्रात दिसते.

तिसरे काम इशाऱ्याचे. चिपळुणात वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर आणि धोका पातळी 7 मीटर, महाडात सावित्रीची अनुक्रमे 6 आणि 6.5 मीटर, असे आकडे पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होतात. सावित्रीच्या दोन आकड्यांत अंतर केवढे, तर अर्ध्या मीटरचे. म्हणजे इशारा आणि धोका यांच्यामध्ये जेवणाचे ताट बाजूला सारण्याइतकीही उसंत मिळेल याची शाश्वती नाही. पंचगंगेची गोष्ट वेगळी. तिचा पूर दिवसांच्या हिशेबाने चढतो, आणि कोल्हापूरचा माणूस राजाराम बंधाऱ्यावरचे 39 आणि 43 फुटांचे आकडे घरच्या पत्त्यासारखे तोंडपाठ म्हणतो. कोकणात अवधी तासांचा. म्हणून तेथे मीटरचा आकडा पुरेसा नाही. ‘इतके मीटर म्हणजे माझ्या दुकानाची कितवी पायरी’ हे प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे, आणि विजेवर न चालणारा भोंगा, देवळाची घंटा, मशिदीची हाक, दवंडी, यांपैकी एक साधन मध्यरात्रीही जागे असले पाहिजे.

पातळीनुसार वागण्याची ही शिस्त आपल्या परंपरेला अपरिचित नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीस दर पावसाळ्यात नदी दत्ताच्या मंदिरात शिरते. तेथे त्याचा आकांत होत नाही. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडते त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि भाविक त्यात स्नान करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवितात. कोणी, केव्हा आणि कोठे हलवावयाचे, हे ठरलेले आहे. देवाच्या बाबतीत जे आपण पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक करतो ते दवाखान्यातल्या रुग्णाच्या आणि दुकानातल्या धान्याच्या बाबतीत करता येऊ नये, असे कोणते कारण आहे?

चौथे आणि शेवटचे काम कारभाराचे. ज्या 2005 सालाने कोकण बुडविले त्याच सालच्या अखेरीस देशाला आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा मिळाला आणि राष्ट्र, राज्य व जिल्हा अशा पायऱ्यांची प्राधिकरणे निर्माण झाली. परंतु चिपळूणचा जिल्हाधिकारी रत्नागिरीस बसतो, महाडचा अलिबागेस, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळून यायची तर घाट उतरून. ज्या पावसाने गाव बुडते त्याच पावसाने तो घाटही बंद पडतो. अलीकडे पावसाळ्यात या भागात तुकडी आधीच आणून ठेवतात, हा शहाणपणा अनुभवाने शिकलेला आहे. तरीही पहिल्या काही तासांत माणसे वाचवितो तो शेजारी, आणि ज्याच्याकडे होडी आहे तो खाडीकाठचा माणूस. नगरपालिकेने कोणत्या वाडीत होडी आहे, कोणाला पोहता येते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, गरोदर बाई आहे, कोणती शाळा उंचावर आहे, याची वही ज्येष्ठात पुरी करावी. या वहीला खर्च लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि तीच अर्थसंकल्पात मिळत नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्री कोसळून एस. टी.च्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या, आणि पुढच्या जूनमध्ये तेथे नवा पूल उभा राहिला. मनात आणले तर शासन किती वेगाने काम करू शकते, हे त्याने दाखविले. मात्र पूल डोळ्यांना दिसतो, त्याचे उद्‌घाटन होते. भरलेल्या वहीचे, वर चढवलेल्या जनित्राचे आणि गटाराबाहेर नेलेल्या गाळाचे उद्‌घाटन कोणी करीत नाही. लहान गावाचे रक्षण मात्र बहुतांशी याच बिनउद्‌घाटनाच्या कामांवर अवलंबून असते.

म्हणून वाचकांपैकी जे कोणी अशा नदीकाठच्या गावात राहत असतील त्यांना एवढेच सांगणे आहे. पूर ओसरला म्हणजे घर जरूर रंगवा, परंतु भिंतीवरची ती रेघ रंगाऱ्याला पुसू देऊ नका. तिच्यावर तैलरंगाचा पट्टा ओढा आणि शेजारी तारीख घाला. चौकातल्या खांबावर, शाळेच्या दारात, दवाखान्याच्या जिन्याशी, सर्वत्र ती एकाच पातळीवर असू द्या. पुढे कोणी घर बांधायला आला, दुकान भाड्याने घ्यायला आला, जनित्र कोठे बसवावे हे विचारायला आला, तर त्याला फार बोलून पटवावे लागणार नाही; त्या रेघेकडे बोट दाखविले म्हणजे पुरे.